हसू आलं म्हणजे कळलं!



आज एका विनोदापासून सुरुवात करू या. गणितवाल्यांमध्ये हा विनोद चांगलाच प्रसिद्ध आहे. मूळचा तो बिअर बारमधला, पण शाळेसाठी आपण त्याला चहाच्या टपरीवर आणू.

तीन तर्कशास्त्रज्ञ टपरीवर येऊन बसतात. टपरीवाला विचारतो, "काय, तिघांनाही चहा ना?"
पहिला म्हणतो, "सांगता येत नाही."
दुसरा म्हणतो, "सांगता येत नाही."
तिसरा म्हणतो, "हो, तिघांनाही!"

तुम्हाला लगेच हसू आलं असेल तर उत्तमच. नसेल आलं, तर एक मिनिट थांबा. पहिल्याला चहा नको असता, तर त्याने सरळ "नाही" म्हटलं असतं. कारण एकाला जरी नको असेल, तरी "तिघांनाही" हे विधान खोटं ठरतं. तो "नाही" म्हणाला नाही, म्हणजे त्याला चहा हवा आहे. फक्त उरलेल्या दोघांचं त्याला माहीत नाही. दुसऱ्याचंही तसंच. तिसऱ्याला हे दोन्ही कळलं, स्वतःलाही चहा हवाच होता, म्हणून तो ठामपणे "हो" म्हणाला.

आता बघा, या चार ओळींत काय काय आलं. "सर्व" या शब्दाचा नेमका अर्थ आला. "सर्व" खोटं ठरवायला एकच उदाहरण पुरतं, हे आलं. आणि समोरच्याने जे सांगितलं नाही, त्यातूनही माहिती मिळते, हेही आलं. हेच आपण फळ्यावर "व्यापक विधान आणि त्याचा नकार" अशा मथळ्याखाली शिकवायला गेलो, तर निम्मा वर्ग खिडकीबाहेर बघेल. पण या विनोदाला जो मुलगा हसला, त्याला हे सगळं कळलेलं असतं. न कळता या विनोदाला हसताच येत नाही.

मला आज जे म्हणायचं आहे, ते एवढंच: गणितज्ञ आपापसात जे विनोद करतात, त्यांना आपल्या वर्गात हक्काची जागा मिळायला हवी. कंटाळा घालवायला किंवा ऑफ तास भरून काढायला म्हणून नव्हे. मुलाला संकल्पना कळली की नाही, हे दाखवणारी इतकी सोपी आणि निरुपद्रवी चाचणी दुसरी नाही, म्हणून.

दोन प्रकारचे विनोद

तुम्ही म्हणाल, गणितावरच्या विनोदांना आपल्याकडे कुठे तोटा आहे? मोबाईलवर रोज येतात. खरं आहे. पण ते कसले असतात ते आठवून बघा. गणिताच्या पेपरला घाम फुटलेला मुलगा, छडी घेतलेले सर, "बीजगणित शिकून आयुष्यात काय उपयोग झाला?" असं विचारणारा कुणीतरी. हे विनोद गणितावरचे नसतात, गणिताच्या भीतीवरचे असतात. ते समजायला गणित यावं लागत नाही. उलट गणित येत नसेल तर ते जास्त आवडतात.

लग्नकार्यात, गणपतीत नातेवाईक जमले की एक वाक्य हमखास कानावर येतं: "आमच्या घराण्यात गणित कुणालाच जमलं नाही हो!" सगळे हसतात. "आमच्या घराण्यात कुणालाच वाचता येत नाही" असं मात्र कुणी हसत हसत सांगत नाही. शेजारी बसलेली चौथीतली मुलगी हे ऐकत असते. तिला त्यातून एकच गोष्ट कळते: गणित न येणं ही आपल्याकडची रीतच आहे. पुढे अपूर्णांकांपाशी पहिल्यांदा अडली की ती प्रयत्न सोडून देते, कारण कारण तिच्याकडे तयार असतं.

म्हणून विनोदांची दोन खाती करू या. एक, गणिताच्या दाराबाहेर उभं राहून केलेला विनोद. दुसरा, आत जाऊन केलेला. बाहेरचा विनोद म्हणतो, "आत येऊ नकोस, त्रास आहे." आतला विनोद म्हणतो, "ये, गंमत बघ."

२०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "एकवीस"ऐवजी "वीस एक" असं संख्यावाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर विनोदांचा पाऊस पडला, ते आठवत असेल. आडनावांपासून म्हणींपर्यंत कशाचंच काही शिल्लक राहिलं नाही. विनोद चांगले होते, हसू आलंही. बदल योग्य होता की नव्हता, यावर दोन मतं असू शकतात. पण त्या हशात मूळ प्रश्न वाहून गेला. दुसरीच्या वर्गावर शिकवलेल्या कुणालाही विचारा. "त्रेपन्न" म्हटलं की मूल ३५ लिहितं. का? कारण त्याच्या कानावर आधी "त्रे" पडतं आणि मग "पन्न". ते ऐकलं तसं लिहितं. त्या मुलाचं काही चुकलेलं नसतं, आपली भाषा एकक आधी बोलते आणि लेखणी दशक आधी लिहिते.

हा प्रश्न आतून बघितला असता तर त्यातही विनोदाला भरपूर जागा होती. १९ म्हणजे एकोणीस, २९ म्हणजे एकोणतीस, ८९ म्हणजे एकोणनव्वद, म्हणजे दर वेळी पुढच्या दहाच्या पटीला एक कमी. मग ९९ ला "एकोणशंभर" का म्हणत नाहीत? हा प्रश्न एखाद्या दुसरीतल्या पोराने विचारला तर वर्ग हसतो. हसू द्या. पण त्या पोराला शाबासकीही द्या. त्याने नियम ओळखला, पुढे नेला आणि तो कुठे मोडतो तेही शोधून काढलं. गणितज्ञ याहून वेगळं काय करतात?

मेंढी, घर आणि सिंह

आता गणितज्ञांचे काही विनोद बघू. पहिला सगळ्यांत लाडका. एक खगोलशास्त्रज्ञ, एक भौतिकशास्त्रज्ञ आणि एक गणितज्ञ रेल्वेने स्कॉटलंडमधून चाललेले असतात. खिडकीतून एक काळी मेंढी दिसते. खगोलशास्त्रज्ञ म्हणतो, "अरे वा, स्कॉटलंडमधल्या मेंढ्या काळ्या असतात!" भौतिकशास्त्रज्ञ म्हणतो, "छे, स्कॉटलंडमधल्या काही मेंढ्या काळ्या असतात एवढंच." गणितज्ञ शांतपणे म्हणतो, "स्कॉटलंडमध्ये किमान एक मेंढी आहे आणि तिची किमान एक बाजू काळी आहे."

हा विनोद गणितज्ञांनी स्वतःवरच केलेला आहे. पण भूमितीत मूल आकृतीकडे बघून "हा कोन काटकोन आहे" असं म्हणतं, तेव्हा हाच विनोद कामाला येतो. "दिसतो काटकोन, पण दिलंय कुठे?" असं दरडावण्यापेक्षा "मेंढीची दुसरी बाजू बघितलीस का?" एवढं विचारा. मूल हसतं आणि दिलेली माहिती पुन्हा वाचतं. पक्ष काय आणि साध्य काय, हा फरक रागावून जितका डोक्यात शिरत नाही, तितका त्या मेंढीमुळे शिरतो.

दुसरा विनोद. एका रिकाम्या घरात दोन माणसं जाताना दिसतात. थोड्या वेळाने तीन बाहेर येतात. जीवशास्त्रज्ञ म्हणतो, "यांची संख्या वाढली." भौतिकशास्त्रज्ञ म्हणतो, "मोजण्यात चूक झाली." गणितज्ञ म्हणतो, "आता आणखी एक माणूस आत गेला की घर रिकामं होईल."

सहावी-सातवीला ऋण संख्या शिकवताना हा सांगून बघा. दोन वजा तीन म्हणजे वजा एक, त्यात एक मिळवला की शून्य. हिशेब बिनचूक आहे, घर मात्र विचित्र आहे. इथून चर्चा आपोआप सुरू होते: ऋण संख्या कुठे अर्थपूर्ण असते आणि कुठे नसते? तापमानाला चालते, उधारीला चालते, तळघराच्या मजल्याला चालते. घरातल्या माणसांना का चालत नाही? हा प्रश्न स्वाध्यायातल्या वीस गणितांनी विचारला जात नाही.

तिसरी गोष्ट तर चक्क छापून आलेली आहे. १९३८ साली "अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली" या नियतकालिकात सिंहाच्या शिकारीच्या गणिती सिद्धांतावर एक लेख आला. राल्फ बोआस आणि फ्रँक स्मिथीज या दोन गणितज्ञांनी तो टोपणनावाने लिहिला होता. सहारा वाळवंटात सिंह कसा पकडायचा, याच्या एकाहून एक पद्धती त्यात अगदी गंभीर चेहऱ्याने दिल्या आहेत. एक पद्धत अशी: वाळवंटात पिंजरा ठेवा, स्वतः आत जाऊन कुलूप लावा, आणि मग भूमितीतलं असं रूपांतर करा की आतलं बाहेर आणि बाहेरचं आत जाईल. झालं, सिंह पिंजऱ्यात आणि तुम्ही बाहेर!

दुसरी पद्धत आपल्या वर्गाला जास्त उपयोगाची आहे. वाळवंटाचे दोन भाग करा. सिंह दोहोंपैकी एका भागात असणारच. त्या भागाचे पुन्हा दोन भाग करा. असं करत राहा. सहाराचं क्षेत्रफळ सुमारे ९० लाख चौरस किलोमीटर आहे. मुलांना विचारा, किती वेळा अर्धं केलं की एक चौरस मीटरचा तुकडा उरेल? कुणी हजार म्हणेल, कुणी लाख, कुणी कोटी. उत्तर आहे सुमारे ४३. फक्त ४३! मुलांचा विश्वास बसत नाही. मग ती कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः दोनने भागत बसतात, आणि घातांक म्हणजे काय चीज आहे ते त्यांच्या हाताला कळतं. लहान मुलांसाठी हाच खेळ सोपा करता येतो: १ ते १००० मधली एक संख्या मनात धरा, मी फक्त "हो-नाही" उत्तराचे दहा प्रश्न विचारून ती ओळखीन. दोनचा दहावा घात १०२४ असल्यामुळे हे दर वेळी जमतं.

फसवणारा विनोद

गणितात एक आणखी जातीचा विनोद आहे, तो म्हणजे फसवणूक. मार्टिन गार्डनर हे "सायंटिफिक अमेरिकन" मासिकात गणिती करमणुकीचं सदर लिहीत. एप्रिल १९७५ च्या अंकात त्यांनी वाचकांना एप्रिल फूल केलं. त्यांनी एक नकाशा छापला आणि सांगितलं की हा रंगवायला चार रंग पुरत नाहीत, पाच लागतात. त्याच लेखात आणखी एक थाप होती. ई या संख्येचा घात म्हणून पाय गुणिले १६३ चं वर्गमूळ घेतलं, तर उत्तर नेमकं पूर्णांक येतं, असं त्यांनी ठोकून दिलं. वाचकांची पत्रंच पत्रं आली. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, कुठलाही सपाट नकाशा रंगवायला चार रंग पुरतात हे सिद्धच झालं.

पण दुसरी थाप जास्त चलाख होती. ती संख्या खरोखरच पूर्णांकाच्या इतकी जवळ आहे की दशांशचिन्हानंतर ओळीने बारा वेळा ९ येतो आणि मग कुठे वेगळा अंक येतो. साध्या कॅल्क्युलेटरवर बघणारा फसणारच.

आपल्या वर्गात हा विनोद कसा करायचा? अगदी सोपं आहे. मुलांना सांगा: कुठलीही संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा, मग ४१ मिळवा. उत्तर नेहमी मूळ संख्याच येतं. मुलं करून बघतात. १ घेतला तर ४३, २ घेतला तर ४७, ३ घेतला तर ५३, ४ घेतला तर ६१. सगळ्या मूळ संख्या. दहा उदाहरणं करतात, वीस करतात, पटतंच त्यांना. "बाई, नियम सापडला!" मग हळूच म्हणा, "४० घेऊन बघा." १६०० अधिक ४० अधिक ४१ म्हणजे १६८१, आणि १६८१ म्हणजे ४१ गुणिले ४१! शून्यापासून ३९ पर्यंत चाळीस वेळा खरं ठरलेला नियम एकेचाळिसाव्या वेळी तोंडघशी पडतो. वर्गात एक "अरेच्चा!" उमटतो. "उदाहरणं कितीही दिली तरी ती सिद्धता होत नाही" हे वाक्य त्या मुलांना पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

मराठीतली गंमत

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्या भाषेत काय आहे? भरपूर आहे. फक्त आपण त्याकडे गणित म्हणून बघत नाही.

"छत्तीसचा आकडा" घ्या. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत, म्हणून भांडणाला हा शब्द. ही गंमत देवनागरी अंकांचीच. इंग्रजी अंकांत लिहिलंत तर भांडण दिसतच नाही. आता मुलांना विचारा, यांची जागा बदलली तर? ६३, आता दोघं समोरासमोर बसून गप्पा मारतायत! ६३ मधून ३६ वजा केले तर २७. मग ५२ आणि २५ घ्या, ८१ आणि १८ घ्या. दर वेळी वजाबाकी नऊच्या पाढ्यात का येते? सातवी-आठवीच्या मुलांना बीजगणिताकडे नेणारा याहून सोपा रस्ता मला माहीत नाही. दशक आणि एकक यांची अदलाबदल केली की फरक पडतो तो दोन अंकांच्या फरकाच्या नऊ पट. म्हणीतून निघालेलं मूल इथे सूत्रापर्यंत पोचतं.

"हातचा राखून बोलणं" या वाक्प्रचाराची बेरजेतल्या हातच्याशी सांगड आपण किती मुलांना घालून देतो? बेरीज करताना हातचा विसरणाऱ्या मुलाला "बाळा, तू फारच मोकळ्या मनाचा आहेस, काहीच हातचं राखत नाहीस" असं म्हटलं तर ते हसून वही परत ओढतं आणि चूक स्वतः शोधतं. लाल शाईच्या फुलीने हे होत नाही.

आणि मग आपला "पाय". वर्तुळाच्या त्या ग्रीक अक्षराला मराठी शाळेत पाय म्हणतात, आणि मुलं त्यावर कोट्या करतातच. करू द्या, पण त्यांना कामाला लावा. परीघ म्हणजे दोन पाय आर, आणि क्षेत्रफळ म्हणजे पाय आर वर्ग. या दोन सूत्रांची सरमिसळ दहावीपर्यंत चालते. मुलांना सांगा: परिघाला कडेकडेने धावायचं आहे, त्याला दोन पाय हवेत. क्षेत्रफळ एका पायाची मांडी घालून बसतं, पण बसायला त्याला सतरंजी लागते, म्हणून तिथे वर्ग. कोटी साधी आहे, पण तिच्यामागे खरं कारण आहे. परीघ ही लांबी आहे, ती सेंटीमीटरमध्ये मोजतात. क्षेत्रफळ चौरस सेंटीमीटरमध्ये मोजतात, म्हणून तिथे त्रिज्येचा वर्ग यायलाच हवा. कोटीने लक्षात राहील, कारणाने कळेल. कोटीवर थांबू नका. थांबलात तर ती फक्त घोकंपट्टीची धाकटी बहीण होते.

शब्दांशी खेळणं ही आपल्याकडच्या गणिताची तर जुनीच परंपरा. संस्कृतातल्या गणित-ज्योतिषाच्या ग्रंथांत संख्या अंकांऐवजी शब्दांनी लिहीत. चंद्र म्हणजे १, नेत्र म्हणजे २, अग्नी म्हणजे ३, वेद म्हणजे ४, बाण म्हणजे ५, ऋतू म्हणजे ६, आकाश म्हणजे शून्य. आणि वाचायचं एककापासून. म्हणजे "वेद-नेत्र" म्हटलं की एककाला ४, दशकाला २, झाले २४. आपलं "चोवीस"ही तसंच बोलतं, आधी चार, मग वीस! वर्गात हा खेळ घ्या आणि शब्द मुलांनाच बनवू द्या. एकदंत म्हणजे १, सायकल म्हणजे २, रिक्षा म्हणजे ३, आठवडा म्हणजे ७, कोळी म्हणजे ८. मग आपला पटावरचा क्रमांक कोड्यात लिहायला सांगा. "रिक्षा-सायकल" कोण? पट क्रमांक २३. एकक-दशकाचा गोंधळ ज्या मुलांचा जात नाही, त्यांना हा खेळ दोन दिवस द्या आणि बघा.

आणि कापरेकर गुरुजींना कसं विसरायचं? डहाणूला जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. संख्यांना त्यांनी जी नावं दिली, ती ऐकूनच मजा वाटते. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी "हर्षद" म्हटलं, आनंद देणारी. १८ घ्या, १ अधिक ८ म्हणजे ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. रामानुजन यांच्यामुळे प्रसिद्ध झालेली टॅक्सीची संख्या १७२९ घ्या. अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. शिवाय १९ आणि ९१ एकमेकांचे आरसे! मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकावर काही संख्यांचा विचार सुचला, म्हणून त्या स्थानकाच्या नावावरून त्यांना "डेम्लो संख्या" म्हणून टाकलं. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१, हे त्याच घराण्यातले. विद्यापीठातली खुर्ची नव्हती, संगणक नव्हता, पण खेळकर नजर होती. १९७५ साली, म्हणजे त्या एप्रिल फूलच्याच वर्षी, गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिलं आणि हा शाळामास्तर जगाला माहीत झाला.

काही रास्त शंका

"पोर्शन कधी पूर्ण करायचा?" हा पहिला प्रश्न येणार. एका विनोदाला तीन मिनिटं लागतात. आणि चुकीच्या समजुतीवर रचलेला पोर्शन पुढच्या वर्षी पुन्हा शिकवावा लागतो, त्याचा वेळ कुणी मोजत नाही.

"विनोदाने गणित येतं का?" नाही येत. पाढे पाठ करावे लागतात, सराव करावाच लागतो. व्यायामाऐवजी कुणी विनोद देत असेल तर ती मुलांची फसवणूक आहे. विनोद फक्त हे दाखवतो की कळलं की नाही. टपरीचा विनोद सांगितल्यावर कोण लगेच हसलं, कोण शेजाऱ्याकडे बघून हसलं आणि कोण गप्प राहिलं, हे तुम्हाला फळ्यापाशी उभं राहून दिसतं. गप्प राहिलेल्यांना विनोद समजावून सांगू नका. हसलेल्या मुलांपैकी एखादीला सांगायला लावा. समजावताना तिला स्वतःलाच "सर्व" या शब्दाचा अर्थ पहिल्यांदा नीट मांडावा लागतो.

"शिस्त बिघडेल." एक शिस्त मात्र खरंच पाळावी लागते. चुकलेल्या उत्तरावर हसायचं नाही. ही रेषा फळ्यावर आखावी इतकी ठळक हवी. मुलाने तीन चतुर्थांश अधिक एक द्वितीयांश बरोबर चार षष्ठांश असं लिहिलं, तर तो विनोद नाही, ती त्याची अडचण आहे. त्याच्यावर वर्ग एकदा हसला की ते मूल पुन्हा हात वर करत नाही. हसायचं असेल तर त्याला बरोबर घेऊन हसा: "तीन चतुर्थांश भाकरी होती, त्यात अर्धी आणखी दिली, आणि ताटात पहिल्यापेक्षा कमीच भाकरी उरली. कुणी खाल्ली रे?" आता हसू उत्तरावर आहे, मुलावर नाही. आणि चार षष्ठांश हे तीन चतुर्थांशापेक्षा कमी आहेत, हे त्याचं त्यालाच दिसलं.

पालकांसाठी एवढंच सांगेन. तुम्हाला शाळेत गणित जमलं नसेल, हरकत नाही. पण ते मुलांसमोर फुशारकीने सांगू नका. त्याऐवजी जेवताना एक प्रश्न विचारा: "वर्तुळाला बाजू किती?" मूल म्हणेल एकही नाही, किंवा म्हणेल अनंत. तुम्ही म्हणा, "दोन. एक आतली आणि एक बाहेरची!" ते आधी वैतागेल, मग हसेल, मग वाद घालेल. वाद घालू द्या. बंद रेषेला आत आणि बाहेर अशा नेमक्या दोनच बाजू असतात, हे वाटतं तितकं उघड नाही. कामिय जॉर्डन या फ्रेंच गणितज्ञाने १८८७ साली त्याची सिद्धता मांडली, आणि ते प्रमेय आज त्याच्या नावाने ओळखलं जातं. तुमच्या जेवणाच्या ताटाभोवती एक मोठं प्रमेय फिरून गेलेलं असतं आणि मुलाला वाटतं, आईने किंवा बाबांनी आपल्याला फसवलं!

पॉल एर्डिश हा हंगेरियन गणितज्ञ लहान मुलांना "एप्सिलॉन" म्हणायचा. गणितात फार फार छोट्या, पण शून्यापेक्षा मोठ्याच असलेल्या राशीला हे अक्षर वापरतात. छोटं, पण शून्य कधीच नाही. आपल्या वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलाविषयी यापेक्षा चांगली व्याख्या मला तरी सापडलेली नाही. त्या बाकावरून येत्या आठवड्यात एकदा हसू ऐकू आलं, आणि ते गणितालाच हसलेलं असलं, तर त्या दिवशीचा तास सार्थकी लागला असं समजा.